प्रोफाइल कोणी पाहिलं? त्यातून एन्क्वायरी कशी काढायची

आमच्याकडे सल्ल्यासाठी येणारे बहुतेक उद्योजक फाउंड्री, मशीन शॉप, फॅब्रिकेशन किंवा पॅकेजिंगच्या धंद्यातले आहेत. लिंक्डइनवर खातं जवळपास सगळ्यांचं असतं. "तुमचं प्रोफाइल इतक्या जणांनी पाहिलं" अशी सूचना मोबाइलवर येते, एकदा उघडून बघितली जाते आणि विषय तिथंच संपतो. हे पत्रक त्या सूचनेबद्दल आहे. छोट्या कारखान्याला नवीन काम मिळण्याच्या वाटांमध्ये ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वाट आहे, असं आमचं ठाम मत आहे. ज्या परचेसवाल्याला गाठायला तुम्ही एरवी महिनाभर फोन करत बसता, तो इथं आपणहून तुमचं नाव शोधत आलेला असतो.

यादीत काय दिसतं

फुकटच्या खात्यात अलीकडची मोजकीच नावं दिसतात. पैसे भरून घेतलेल्या प्रीमियम खात्यात ३६५ दिवसांपर्यंतची यादी दिसते आणि ती कंपनी, क्षेत्र किंवा ठिकाणानुसार गाळूनही बघता येते.

यादी रिकामी दिसत असेल, तर आधी स्वतःचं सेटिंग तपासा. आपण दुसऱ्याचं प्रोफाइल बघतो तेव्हा त्याला आपल्याबद्दल काय दिसावं, यासाठी तीन पर्याय असतात: पूर्ण नाव आणि हेडलाइन (नावाखालची ओळखीची ओळ), नावाशिवाय फक्त हुद्दा किंवा क्षेत्र, किंवा काहीच नाही. फुकटच्या खात्यावर तुम्ही लपून फिरत असाल, तर तुमच्याकडे कोण आलं तेही तुम्हाला कळत नाही. हे सेटिंग कधीतरी बदललेलं असतं आणि नंतर लक्षात राहत नाही. 'सेटिंग्ज अँड प्रायव्हसी'मध्ये 'व्हिजिबिलिटी' आणि त्यात 'प्रोफाइल व्ह्यूइंग ऑप्शन्स' उघडा. तिथं नाव दिसेल असा पर्याय ठेवा. विक्री करायची तर आपण कुठं जाऊन आलो हे समोरच्याला दिसणं फायद्याचंच असतं.

समोरचा लपून आला असेल, तर प्रीमियम घेऊनही त्याचं नाव दिसत नाही. लपलेली नावं काढून देतो असं कोणी सांगत असेल, तर त्याला एक रुपयाही देऊ नका.

आलेल्या माणसाला काय वाचायला मिळतं

हा भाग आम्ही मुद्दाम जास्त लांबवतो, कारण खरी गळती इथं होते. एक उदाहरण घेऊ. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. मालकांच्या नावाखाली हेडलाइन आहे 'प्रोप्रायटर', पुढं कंपनीचं नाव. फोटो घरच्या लग्नातला. कामाच्या माहितीत 'क्वालिटी इज अवर मोटो'. आता अहमदाबादच्या पंप कंपनीतला एक सोर्सिंग इंजिनिअर, म्हणजे पार्ट पुरवणारे शोधणारा माणूस, हे बघतो. त्याला पंप केसिंगसाठी (पंपाच्या बाहेरच्या कवचासाठी) दुसरा व्हेंडर हवाय, कारण सध्याचा व्हेंडर माल वेळेवर देत नाही. त्याच्या डोक्यात चार-पाचच प्रश्न आहेत. लोखंडाचा ग्रेड कोणता देतात? किती किलोपर्यंतचं कास्टिंग? मशीनिंग करून देतात का? धातूतले घटक तपासणारा स्पेक्ट्रोमीटर स्वतःचा आहे का? महिन्याला किती टन निघतं? या प्रोफाइलवर त्यातल्या एकाचंही उत्तर नाही. तो अर्ध्या मिनिटात पुढच्या फाउंड्रीकडे वळतो. तुमच्या यादीत मात्र त्याचं नाव राहतं.

हीच हेडलाइन अशी लिहून बघा: 'ग्रे आयर्न एफजी २६०, एसजी आयर्न ५००/७ कास्टिंग, १ ते ४० किलो, मशीनिंगसह. पंप, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टर.' हेडलाइनला २२० अक्षरांची जागा असते, त्यामुळे एवढं आरामात बसतं. शिवाय सर्चमध्ये तुमच्या नावाखाली हीच ओळ दिसते, म्हणजे प्रोफाइल उघडण्याआधीच अर्धं काम होतं. प्रोफाइलच्या 'फीचर्ड' भागात एक पानाची क्षमतापत्रिका लावा: मशीनची यादी, तपासणीची साधनं, सर्टिफिकेट, सॅम्पल किती दिवसांत देता ते. फोटो शॉपफ्लोअरवरचा लावा. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग किंवा त्याच्या पार्टचा फोटो परवानगीशिवाय टाकू नका. परचेसवाला ते बघतो आणि आपलंही ड्रॉइंग असंच बाहेर जाईल हे ओळखतो.

यादीतून कोणाला वेगळं काढायचं

यादीत सगळे असतात. नोकरी शोधणारी पोरं, बँकेतले रिलेशनशिप मॅनेजर, विमा एजंट, सॉफ्टवेअर विकणारे, जुने वर्गमित्र, शेजारच्या प्लॉटमधला स्पर्धक. यांना सोडून द्या. थांबायचं ते सोर्सिंग, परचेस, व्हेंडर डेव्हलपमेंट, एससीएम (सप्लाय चेन मॅनेजमेंट) असे शब्द हेडलाइनमध्ये असतील तिथं. छोट्या कंपनीत हे काम मालक किंवा प्लांट हेड स्वतः करतो, म्हणून त्या नावांकडेही नीट बघा. डिझाइन किंवा आर अँड डीमधल्या माणसाला बरेच जण सोडून देतात. आम्ही सोडू नका म्हणतो. नवीन पार्ट आधी त्याच्या टेबलावर येतो, आणि तो कुणाकडून बनेल याची चौकशी अनेकदा त्याच्याकडूनच सुरू होते.

मग बघा, तो माणूस आला तेव्हा तुमच्याकडे काय घडलं होतं. त्या आठवड्यात तुम्ही काही पोस्ट केलं होतं का? कुणाच्या पोस्टवर कॉमेंट केली होती का? फाउंड्रीच्या आयफेक्स किंवा मशीन टूलच्या बंगळुरूतल्या आयएमटेक्ससारख्या प्रदर्शनात कार्ड वाटली होती का? प्रदर्शनानंतरच्या पंधरवड्यात आलेली नावं आणि तुमच्या हातात आलेली कार्डं एकदा शेजारी ठेवून बघा, दोन्हीकडे जुळणारं नाव सगळ्यात आधी धरायचं. एकाच कंपनीतले दोन-तीन जण थोड्या दिवसांत येऊन गेले, तर तिथं तुमच्या नावाची चर्चा झाली असण्याची शक्यता मोठी आहे. त्या कंपनीसाठी उद्याची वाट बघू नका.

पहिला निरोप

"तुम्ही माझं प्रोफाइल पाहिलंत, काही काम होतं का?" असं कधीही लिहू नका. दुसरा व्हेंडर शोधणारा माणूस ते गुपचूप शोधत असतो. सध्याच्या व्हेंडरच्या कानावर गेलं, तर चालू सप्लायच अडकेल ही त्याची धास्ती असते. आपण पकडले गेलो असं वाटलं की तो गप्प होतो. त्यामुळे त्यानं प्रोफाइल पाहिल्याचा उल्लेखच नको. त्याच्या कामाशी जोडून बोला. मजकूर बहुधा इंग्रजीत जाईल, पण आशय असा असावा:

"नमस्कार सर, आमची कोल्हापूरला फाउंड्री आहे. पंप केसिंग आणि इम्पेलरची १ ते ४० किलोची कास्टिंग आम्ही मशीनिंगसह देतो. पॅटर्न मिळाल्यापासून सॅम्पल किती दिवसांत देतो, ते आमच्या क्षमतापत्रिकेत आहे. उपयोगी वाटलं तर पाठवतो."

एवढंच. दर नाही, सूट नाही, "अर्जंट मीटिंग" नाही. फुकटच्या खात्यावर कनेक्शनसोबत अशी चिठ्ठी महिन्याला मोजक्याच जणांना पाठवता येते, म्हणून ती निवडक नावांसाठी राखून ठेवा. त्यानं प्रोफाइल पाहिल्यावर दोन-तीन दिवसांच्या आत निरोप गेला तर त्याला विषय आठवतो. महिन्यानंतर तोच निरोप इतर शंभर निरोपांसारखा वाटतो. उत्तर आलं नाही, तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण करा आणि थांबा. त्यापेक्षा कंपनीच्या बोर्ड नंबरवर (मुख्य फोन नंबरवर) फोन करून व्हेंडर रजिस्ट्रेशनची पद्धत विचारणं चांगलं. तिथल्या परचेसमध्ये तुमचं नाव आधीच कुणीतरी वाचलंय हे तुम्हाला माहीत आहे, आणि त्याने फोनवरचा आवाज बदलतो.

कुठून तरी मोबाइल नंबर मिळवून थेट व्हॉट्सॲपवर कॅटलॉग टाकायचा प्रकार करू नका. त्याने नाव खराब होतं, आणि परचेसची माणसं नोकरी बदलतात तेव्हा हे नावही त्यांच्यासोबत नवीन कंपनीत जातं.

नोंद आणि पैसे

दर शुक्रवारी अर्धा तास काढा. एक्सेलमध्ये तारीख, नाव, हुद्दा, कंपनी, कशामुळे आला असावा, काय पाठवलं, पुढची तारीख, एवढे रकाने पुरतात. ही नोंद कंपनीची म्हणून ठेवा. सेल्स इंजिनिअरचं लिंक्डइन खातं त्याचं स्वतःचं असतं, तो सोडून गेला की ओळखीही त्याच्याबरोबर जातात. एक्सेल मात्र तुमच्याकडे राहतं.

प्रीमियम लगेच घेऊ नका. आधी हेडलाइन सुधारा, दोन महिने फुकटच्या यादीवर काम करा. दर आठवड्याला कामाची नावं दिसायला लागली आणि यादी अपुरी पडतेय असं वाटलं, की मग घ्या. मोफत चाचणी घेतलीत तर संपायची तारीख कॅलेंडरवर लिहा, कारण कार्ड आधीच जोडलेलं असतं आणि मुदत संपली की पैसे आपोआप कापले जातात.

आम्ही काय करतो, काय करत नाही

आम्ही तुमच्याबरोबर बसून प्रोफाइल आणि क्षमतापत्रिका लिहितो, पहिले तीन महिने दर आठवड्याची यादी एकत्र गाळतो आणि निरोपांचे मसुदे बनवून देतो. निरोप तुम्ही पाठवायचा, कारण समोरून ड्रॉइंगबद्दल प्रश्न आला तर उत्तर तुमच्याकडेच आहे. तुमचा पासवर्ड आम्ही मागत नाही. प्रोफाइल आपोआप उघडत फिरणारी किंवा शेकडो रिक्वेस्ट एकदम पाठवणारी सॉफ्टवेअर वापरत नाही. लिंक्डइनच्या अटींमध्ये त्याला मनाई आहे आणि खातं बंद पडू शकतं. वर्षानुवर्षांच्या ओळखी असलेलं खातं अशा घाईपायी गमावणं कुणालाच परवडणारं नाही.

पहिल्या बैठकीला येताना मशीनची यादी, चालू गिऱ्हाइकांपैकी ज्यांची नावं सांगता येतील ती नावं, गेल्या वर्षी कोट करून हातातून गेलेल्या दोन-तीन कामांची माहिती आणि शेवटच्या प्रदर्शनातली कार्डं घेऊन या. शॉपफ्लोअरचे फोटो नसतील तर काढू नका, आम्ही कारखान्यावर येऊन काढतो.