दाताखाली कळणारा पास्ता

दुपारच्या जेवणाच्या सुमारास इटलीतल्या घरांत बाहेरून येणाऱ्या माणसाला फोनवर एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘बुत्तो ला पास्ता?’, म्हणजे ‘पास्ता टाकू का?’ येणारा किती मिनिटांत पोहोचणार हे कळल्याशिवाय उकळत्या पाण्यात पास्ता पडत नाही, आणि तो पानात वाढला की बाकी सारे सोडून लगेच खायला बसायचे, असा तिथला शिरस्ता आहे. पाहुण्याला हा हट्ट थोडा जाचक वाटतो. स्टार्चचे वागणे समजून घेतले की मात्र तो रास्त वाटू लागतो.

वाळवलेला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच असावा, असा इटलीत १९६७ पासून कायदा आहे. महाराष्ट्रात आपण ज्याला बन्सी म्हणतो, तो हाच गहू. त्याचा दाणा इतका कठीण असतो की दळताना त्याचे मऊ पीठ होण्याऐवजी पिवळसर, कणीदार रवा पडतो. हा रवा पाण्यात मळून दाबाखाली साच्यातून काढला की त्यातल्या प्रथिनांचे, म्हणजे ग्लूटेनचे, घट्ट जाळे तयार होते आणि स्टार्चचे कण त्यात अडकून बसतात. शिजताना दोन गोष्टी एकाच वेळी घडतात : साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगू लागतात, आणि उष्णतेने प्रथिनांचे जाळे आवळत जाते. जाळे भक्कम असेल तर फुगलेला स्टार्च आतच राहतो. ते कच्चे असेल तर कण फुटून स्टार्च पाण्यात उतरतो आणि पास्ता चिकट होतो.

इटालियन माणसाला पास्ता हवा असतो तो ‘अल देन्ते’, म्हणजे दाताला किंचित प्रतिकार करणारा. तो तसा झाला की नाही, हे पाहण्यासाठी पातेल्यातून स्पॅगेटीची एक काडी काढून तोडावी. तुटलेल्या टोकावर मधोमध टाचणीच्या टोकाएवढा पांढुरका ठिपका दिसतो. त्याला तिथे ‘आनिमा’, म्हणजे आत्मा, म्हणतात. पाणी तिथवर अजून पुरेसे पोहोचलेले नसते. गॅस बंद केला, पाणी निथळून टाकले, तरी बाहेरच्या थरातला ओलावा आत सरकतच राहतो. दहा मिनिटांत ठिपका नाहीसा होतो आणि काडी मऊ पडते. फोनवरच्या त्या प्रश्नामागे एवढेच कारण आहे.

या घट्टपणाचा पचनाशीही संबंध आहे. स्टार्च तोडणाऱ्या अमायलेज या विकराला दाट जाळ्यातल्या कणांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे रक्तातली साखर हळूहळू चढते. पांढऱ्या पावाचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे खाल्लेला पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो याचे माप, साधारण ७० ते ७५ भरतो, तर स्पॅगेटीचा ५० च्या आसपास राहतो. अर्थात पानात किती पडते हेही महत्त्वाचे. इटलीत पास्ता हा जेवणातला ‘प्रीमो’, म्हणजे पहिला पदार्थ. एका माणसाला कोरडा असताना सुमारे ८० ग्रॅम. तिथला पास्ता पाहून आपल्याकडे भरगच्च बाऊल भरून खाणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात घ्यावा.

पास्ता उकळलेले गढूळ पाणी तिथली गृहिणी सगळे ओतून देत नाही. त्यात उतरलेला थोडासा स्टार्च तेल आणि पाणी यांना एकमेकांपासून फुटू देत नाही, त्यामुळे सॉस काडीला धरून राहतो. रोमच्या ‘काचो ए पेपे’त, म्हणजे नुसते पेकोरिनो चीज, मिरी आणि हेच पाणी वापरून केलेल्या पास्त्यात, या स्टार्चची खरी परीक्षा होते, तो कमी पडला आणि कढई जास्त तापली, तर चीजमधली प्रथिने एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. या गुठळ्यांचा अभ्यास करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांना २०२५ मध्ये ‘इग नोबेल’ हे गमतीदार, पण विचार करायला लावणारे पारितोषिक मिळाले. सॉस जमला असेल, तर शेवटी पावाच्या तुकड्याने ताटली पुसून घेतात; या पुसण्याला ‘स्कार्पेत्ता’, म्हणजे छोटा बूट, असे नाव आहे. औपचारिक मेजवानीत ते असभ्य समजले जाते, घरी मात्र स्वयंपाक करणारीला ती चांगली पावती वाटते.