देठाने चढणारी वेल

कळ्यांनी लगडलेली क्लेमॅटिसची फांदी एका दिवसात मान टाकते. पानं वाळलेली नसतात, हिरवीच्या हिरवी लोंबत असतात. मग दृष्ट लागली म्हणून कुंडीवर लिंबू-मिरची टांगली जाते. दृष्टीचा इथे काडीचाही संबंध नाही. हा बुरशीचा रोग आहे आणि ती बुरशी बहुतेक वेळा पानातून देठात व देठातून खोडात उतरते. या वेलीचा देठ नीट समजून घेतला, तर तिची निम्मी निगा समजते.

क्लेमॅटिस आपल्याला परकी वाटते, पण तिच्या सख्ख्या बहिणी आपल्या सह्याद्रीत आहेत. कोल्हापूरच्या पश्चिमेला घाटाकडे जाताना पावसाळा सरत आला की झुडपांवर पांढऱ्या फुलांची रानजाई पसरलेली दिसते, ती याच प्रजातीतली. मोरवेलही याच गोतातली. बागेतली मोठ्या फुलांची जात मात्र संकरातून आली. इंग्लंडमधल्या वोकिंग इथल्या जॅकमन यांच्या रोपवाटिकेत १८६२ मध्ये गडद जांभळी ‘जॅकमनी’ फुलली आणि या वेलीचं वेड पसरलं. दहा-पंधरा सेंटिमीटर रुंदीच्या या फुलात ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो, ती खरं तर रंगीत निदलं, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी दलं असतात. पाकळ्या त्यात नसतातच.

आता देठाकडे वळू. गोकर्ण आपलं खोडच आधाराभोवती पिळते. कारलं ताणे फेकतं. क्लेमॅटिस यातलं काहीच करत नाही, ती पानाच्या देठाने धरते. कोवळा शेंडा काही तासांत एक फेरा घेत हवेत हळूहळू फिरत असतो. फिरताना कोवळा देठ तारेला टेकला की स्पर्शाची खबर पेशींमध्ये पोचते. टेकलेल्या बाजूची वाढ मंदावते, विरुद्ध बाजूच्या पेशी जास्त लांबतात आणि देठ तारेकडे वळतो. वळला की आणखी टेकतो, म्हणून आणखी वळतो. डार्विनने १८६५ मध्ये चढणाऱ्या वनस्पतींवर लिहिलेल्या प्रदीर्घ निबंधात क्लेमॅटिसच्या अनेक जाती तपासल्या होत्या. दोऱ्याचा हलकासा फासही देठाला वाकवायला पुरतो, हे त्याने दाखवलं. विळखा बसला की देठ कडक, लाकडासारखा होतो. जून झालेल्या देठाची ही संवेदना मात्र संपते. म्हणून वाढलेली फांदी नंतर आधाराला नेऊन टेकवली तरी जुनी पानं ती धरत नाहीत. ती बांधावीच लागते.

इथे साधं गणित येतं. देठ ५ सेंटिमीटरचा असेल, तर ३ मिलिमीटरच्या तारेचा घेर त्याला जेमतेम १ सेंटिमीटर पडतो. १२ मिलिमीटरच्या सळईचा घेर पावणेचार सेंटिमीटर, म्हणजे एक वेढा कसाबसा. ४ सेंटिमीटर जाडीच्या बांबूचा घेर साडेबारा सेंटिमीटर. तो देठाच्या आवाक्यातच नाही. बांबूशेजारी लावलेली क्लेमॅटिस जमिनीवर लोळते ती यामुळे. आधाराला प्लॅस्टिकचं वेष्टण असलेल्या बारीक तारेची, १० सेंटिमीटर चौकोनांची जाळी भिंतीपासून ५ सेंटिमीटर पुढे लावावी. उघडी लोखंडी तार एप्रिलमध्ये तापते आणि सुतळी पावसाळ्यात कुजते.

जाळीचा रोगाशीही संबंध आहे. क्लेमॅटिसचं खोड पेन्सिलीपेक्षा बारीक आणि ठिसूळ. आधार नसेल तर वाऱ्याने पेराजवळ चिरतं, आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर बुरशीला वाट मिळते. पेर काळं पडतं, आतली पाणी नेणारी वाट बंद होते, वरचा भाग कोसळतो. पाण्याअभावी कोमेजलेली वेल पाणी दिल्यावर उठते, ही उठत नाही. काळ्या पेराच्या खाली निरोगी खोड दिसेपर्यंत कापावं, लागलं तर जमिनीपर्यंत. कात्री स्पिरिटने पुसावी. कापलेलं कंपोस्टमध्ये टाकू नये. मुळांना ही बुरशी सहसा मारत नाही, म्हणून रोप लावतानाच रोपवाटिकेतल्या पातळीपेक्षा ५ ते ७ सेंटिमीटर खोल लावावं. दोन पेरं मातीखाली गेली की वरचं सगळं गेलं तरी तिथले डोळे फुटतात.

कोल्हापूरला लावायची तर गट तीनमधल्या, म्हणजे नव्या फुटीवर फुलणाऱ्या जाती घ्याव्यात: जॅकमनी किंवा व्हिटिसेला वंशाच्या. जुन्या लाकडावर फुलणाऱ्या जातींना लागते तेवढी थंडी इथे पडत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या ‘निळ्या क्लेमॅटिसच्या बिया’ घेऊ नयेत. संकरित वेलीचं बी आईसारखं फूल देत नाही, आणि उगवायलाच कित्येक महिने घेतं.

लागवड ऑक्टोबरमध्ये, पूर्वेच्या भिंतीला. कुंडी ४५ सेंटिमीटर रुंद आणि तितकीच खोल. नदीकाठची काळी माती एकटी वापरली तर पाणी धरून मुळं कुजवते. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम घ्यावा. मुळं थंड राहायला हवीत, त्यासाठी उसाचं पाचट उत्तम: ५ सेंटिमीटरचा थर, खोडापासून चार बोटं दूर. मार्च ते मे दुपारी शेडनेट. नत्र जास्त झालं की नुसती पानं येतात. कळ्या धरताना पालाश द्यावं.

छाटणी डिसेंबरअखेर, जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर, डोळ्यांच्या ठसठशीत जोडीच्या वर. चीक त्वचेला झोंबतो, हातमोजे घालावेत. कापलेली वेल ओढू मात्र नये. वाळलेले देठ तारेला तसेच घट्ट धरून असतात आणि ओढलं की जाळी वाकते, खालची जिवंत फांदी चिरते. एकेक देठ कात्रीने तोडून वेल सोडवावी.