शुद्धिपत्रक आणि सुधारित नकाशा: दोघांची फाईल एक नको

मिस्त्रीच्या हातातला कागद मी पाहिला तोवर दोन खड्डे खणून त्यात पीसीसी (पायाखालचा साध्या काँक्रीटचा थर) पडली होती. खोली दीड मीटर. चार दिवसांपूर्वी आलेल्या नकाशात मात्र ती सव्वादोन मीटर होती. "आमाले जो कागद देला, त्याच्यावरूनच काम केलं जी भाऊ," मिस्त्री म्हणाला, आणि त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्याच्याजवळच्या प्रतीवर ठळक अक्षरांत 'सुधारणा क्र. १' असं होतं. नव्या नकाशावरही तेच होतं. पहिली सुधारणा शुद्धिपत्रकासोबत, म्हणजे निविदेतल्या दुरुस्तीच्या कागदासोबत आलेली, दुसरी काम सुरू झाल्यावरची. आमच्या ठेकेदारीच्या ऑफिसात दोन्ही एकाच 'सुधारणा' नावाच्या फायलीत लावलेल्या होत्या.

गाव विदर्भातल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागातलं, काम धान्याच्या गोदामाचं. त्या दिवसापासून मी हे दोन कागद कधी एकत्र ठेवले नाहीत.

शुद्धिपत्रक निघतं ते निविदा भरायची मुदत संपण्याआधी. मुदतवाढ असो, परिमाणातली चूक असो, नाहीतर निविदापूर्व बैठकीत ठेकेदारांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं असोत. सार्वजनिक बांधकामच्या मोठ्या कामांत ही उत्तरं 'कॉमन सेट ऑफ डेव्हिएशन' म्हणून निघतात, तीही याच घरातली. हे सगळं वाचूनच तुम्ही दर भरला असं धरलं जातं. म्हणून ते कराराचा भाग होतं आणि करारासोबत बांधलं जातं. आमच्या बैठकीत एकाने विचारलं होतं, गावातल्या बोअरचं पाणी काँक्रीटला चालेल का? उत्तर आलं की पाणी आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात बसलं पाहिजे, नसेल तर ठेकेदाराने स्वखर्चाने आणावं. त्या मानकात आरसीसीसाठी पाण्यातल्या क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. खाऱ्या पट्ट्यातल्या बोअरचं पाणी तपासल्याशिवाय त्या मर्यादेत धरताच येत नाही. टँकरचे पैसे नंतर मागायला गेलो असतो तर त्या एका ओळीवर बोट ठेवून परत पाठवलं असतं, आणि ते बरोबरच ठरलं असतं.

सुधारित नकाशा कार्यारंभ आदेशानंतर येतो. आमच्याकडे कारण बहुतेक वेळा काळी माती. ट्रायल पिट (चाचणीचा खड्डा) घेतला की कळतं, भेगाळणारी माती निविदेत धरली होती त्याहून खोलवर आहे. मग पाया खाली जातो, फुटिंग (खांबाखालचा पसरट पाया) मोठं होतं. हा नकाशा काम बदलतो, पण तुम्ही भरलेला दर किंवा कराराच्या अटी स्वतःहून बदलत नाही. वाढलेलं काम मोजमाप पुस्तकात चढतं, अनुसूची 'ब' मध्ये, म्हणजे निविदेतल्या कामाच्या बाबींच्या यादीत नसलेली बाब निघाली तर तिचा दर वेगळा मंजूर करून घ्यावा लागतो.

कोणता बदल कोणत्या बाजूचा, हे पैशात कसं उतरतं ते बघा. सरकारच्या छापील बी-१ नमुन्याच्या करारातल्या ३८ व्या कलमाप्रमाणे एखाद्या बाबीचं परिमाण निविदेपेक्षा २५ टक्क्यांहून जास्त वाढलं, तरच त्यावरच्या भागाच्या वेगळ्या दराचा विचार होतो (रकमेचीही एक अट सोबत असते). आमच्या कामात फुटिंगचं काँक्रीट मूळ निविदेत ४० घनमीटर होतं. शुद्धिपत्रकाने ते ४८ केलं. पुढे सुधारित नकाशामुळे प्रत्यक्षात ६४ झालं. जुन्या ४० वर हिशेब धरला तर मर्यादा ५०, म्हणजे १४ घनमीटर वर. पण करारातलं परिमाण ४८ आहे. मर्यादा ६०, वर उरतात फक्त ४. आमचा पहिला अर्ज १४ चा होता. तो परत आला, आणि नवा करून पाठवेपर्यंत बिल महिनाभर लांबलं. मजुरांचे चुकारे कुठून केले ते आमचं आम्हाला माहीत.

शुद्धिपत्रक कोणी हातात आणून देत नाही. महाटेंडर या सरकारी ई-निविदा संकेतस्थळावर चढतं, तुम्ही उतरवून घ्यायचं. मी ते मुदत संपेपर्यंत रोज बघतो आणि उतरवलेल्या दिवशीच छापतो, कारण गावात लाईट आणि नेट दोन्ही एकाच वेळी असतीलच असं नाही. नकाशाचं उलटं: कधी पत्रासोबत येतो, कधी कनिष्ठ अभियंत्यांकडून व्हॉट्सॲपवर फोटो येतो. फोटोवरून काम काढू नका. प्रमाण बिघडतं, कोपऱ्यातला रिव्हिजनचा रकाना कापला जातो. फोटो आला की त्याच दिवशी सहीची प्रत मागणारं पत्र द्या आणि पोच घ्या.

आता ऑफिसात मूळ निविदा, शुद्धिपत्रकं आणि करार एका लाल बस्त्यात असतात; कार्यारंभ आदेशाच्या दिवशी तो बांधला की त्यात एकही नवा कागद जात नाही. नकाशांचा बस्ता वेगळा, त्यात चालू आणि रद्द असे दोन भाग. जुना नकाशा फाडायचा नाही. पुढे दाव्यात तोच लागतो, कारण आधी काय होतं ते दाखवल्याशिवाय वाढ दाखवता येत नाही. त्यावर तिरपा 'रद्द' शिक्का आणि कोणत्या तारखेपासून तेवढं लिहायचं. संगणकावरही फायलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. 'फायनल', 'नवीन फायनल' असली नावं मी बंद केली. 'सुधारणा क्र. १' हेही बंद. शुद्धिपत्रकाला 'शु-१', नकाशाला 'आर-१' (आर म्हणजे रिव्हिजन).

साईटवर एक साधी वही आहे: नकाशा क्रमांक, आर किती, कोणाला दिला, जुना परत आला का. शेवटच्या रकान्यात मिस्त्रीचा अंगठा किंवा सही. जुनी प्रत हातात पडल्याशिवाय नवी द्यायची नाही. ते दोन खड्डे आम्ही स्वखर्चाने फोडून खोल केले, आणि त्यांच्यावरचं फुटिंग भरलं त्या दिवशी मिस्त्रीने स्वतःच विचारलं, "भाऊ, हा आर कितवा हाय, ते आधी सांगा."