अडचण ट्रान्झिस्टरची कमी, तारेची जास्त: सिलिकॉन फोटॉनिक्सची पार्श्वभूमी

सिलिकॉन फोटॉनिक्स म्हणजे सिलिकॉनच्या चिपवर तारेऐवजी प्रकाशातून विदा (डेटा) नेण्याचे तंत्र. त्याची गरज का पडली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. चिपवरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत राहील, असा अंदाज पुढे इंटेलचे सहसंस्थापक झालेले गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये मांडला आणि १९७५ मध्ये त्यांनी स्वतःच तो ‘दर दोन वर्षांनी दुप्पट’ असा सौम्य केला. त्याला नियम म्हणण्याचा प्रघात पडला असला, तरी मुळात ते उद्योगाच्या वाटचालीचे निरीक्षण होते. भौतिकशास्त्राचा आधार त्याला मिळाला तो १९७४ मध्ये, आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या शोधनिबंधातून. ट्रान्झिस्टरची, म्हणजे प्रवाह चालू-बंद करणाऱ्या सूक्ष्म स्विचची, मापे आणि विद्युतदाब एकाच प्रमाणात कमी केले, तर ट्रान्झिस्टर अधिक वेगाने चालतो आणि तरीही चिपच्या दर चौरस मिलिमीटरमागे लागणारी वीज तेवढीच राहते, असे त्यांनी दाखवून दिले. पुढची सुमारे तीस वर्षे संगणकांचा वेग वाढत राहिला तो बव्हंशी या हिशेबावर. प्रसिद्धी मूर यांच्या वाट्याला आली. आधी कोलमडले ते मात्र डेनार्ड यांचे गणित.

त्याचे कारण गळती. खोलीच्या तापमानाला ट्रान्झिस्टरमधून झिरपणारा प्रवाह दहापट घटवायचा, तर गेटवरील (ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या टोकावरील) विद्युतदाब किमान ६० मिलिव्होल्टने उतरवावा लागतो. ही मर्यादा तापमानातून येते आणि ट्रान्झिस्टर लहान केल्याने ती हटत नाही. म्हणून विद्युतदाब फार खाली नेला, की ‘बंद’ ट्रान्झिस्टरही वीज खात राहतो. त्यात ९० नॅनोमीटरच्या पिढीत गेटखालच्या ऑक्साइडचा थर सुमारे १.२ नॅनोमीटरवर, म्हणजे मोजक्या अणुथरांवर आला आणि इलेक्ट्रॉन त्यातून आरपार निसटू लागले. पेंटियम ४ हा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झच्या पुढे गेला नाही. त्याची पुढची आवृत्ती इंटेलने २००४ मध्ये रद्द केली आणि एकाच चिपवर अनेक कोअर (स्वतंत्र गणनकेंद्रे) बसवण्याचा मार्ग धरला. नंतर त्या ऑक्साइडच्या जागी हाफ्नियमयुक्त थर आला, उभ्या पात्यासारखी रचना असलेले ट्रान्झिस्टर आले आणि संख्यावाढ चालू राहिली. ‘३ नॅनोमीटर’ हे आता केवळ पिढीचे नाव आहे. त्या चिपवर शेजारच्या दोन गेटांमधील अंतरही ४० नॅनोमीटरहून अधिक असते.

या सगळ्या चर्चेत तारेकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले. ट्रान्झिस्टर लहान केला की सुधारतो, तर तार बारीक केली की बिघडते: छेद कमी झाल्याने रोध वाढतो आणि संदेश पोहोचायला उशीर होतो. आयबीएमने १९९७ मध्ये ॲल्युमिनियमऐवजी तांबे वापरण्याची घोषणा केली आणि काही काळ दिलासा मिळाला. परंतु तारेची रुंदी शंभर नॅनोमीटरच्या बरीच खाली आली, की इलेक्ट्रॉन तिच्या कडांवर आणि स्फटिककणांच्या सीमांवर विखुरतात आणि तांब्याचाही गुण उतरतो. चिपबाहेर तर वारंवारता वाढेल तसा तांब्यातील संदेश झपाट्याने क्षीण होतो, आणि तो सावरण्यासाठी लागणारी परिपथरचना पुन्हा वीज मागते. आज अनेक कामांत आकडेमोडीपेक्षा विदा इकडून तिकडे नेण्यावरच अधिक ऊर्जा खर्ची पडते.

लांब अंतरासाठी प्रकाशतंतूने हा प्रश्न पूर्वीच सोडवला होता. चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहम यांचा त्याविषयीचा निबंध १९६६ चा. चिपसाठीही प्रकाश वापरावा, ही सूचना १९८४ मध्ये जोसेफ गुडमन आणि सहकाऱ्यांनी सविस्तर मांडली. अडचण होती ती द्रव्याची, कारण प्रकाश उत्तम रीतीने निर्माण करणारी संयुगे सिलिकॉनच्या कारखान्यात सहज सामावत नाहीत आणि सिलिकॉन स्वतः जवळजवळ प्रकाशत नाही. मात्र दूरसंचारात वापरल्या जाणाऱ्या १.३ आणि १.५५ मायक्रोमीटरच्या अवरक्त प्रकाशाला ते पारदर्शक असते. रिचर्ड सोरेफ यांनी १९८५ पासून नेमका हाच धागा पकडला आणि १९८७ मध्ये ब्रायन बेनेट यांच्यासह, सिलिकॉनमधील विद्युतभारांची संख्या बदलली की त्याचा अपवर्तनांक (द्रव्य प्रकाशाचा वेग किती मंदावते, त्याचे माप) किती बदलतो, याचे गणित दिले. आजचे बहुतेक सिलिकॉन मॉड्युलेटर, म्हणजे विद्युत संदेश प्रकाशावर उमटवणारे घटक, त्यावरच उभे आहेत.

प्रत्यक्षात प्रकाशवाहक म्हणजे सुमारे ४५० नॅनोमीटर रुंद आणि २२० नॅनोमीटर जाड अशी सिलिकॉनची पट्टी, भोवती काचेसारखे ऑक्साइड. दोहोंच्या अपवर्तनांकांत (सुमारे ३.५ आणि १.४५) इतकी तफावत असते, की काही मायक्रोमीटर त्रिज्येच्या वळणावरही प्रकाश बाहेर सांडत नाही. याच गुणामुळे मिशेल लिप्सन यांच्या कॉर्नेल विद्यापीठातील गटाला २००५ मध्ये अवघ्या १२ मायक्रोमीटर व्यासाचा कड्याच्या आकाराचा मॉड्युलेटर करता आला. त्याआधी २००४ मध्ये इंटेलने एक गिगाहर्ट्झहून वेगवान सिलिकॉन मॉड्युलेटर दाखवला होता. २०१५ मध्ये अमेरिकी विद्यापीठांतील संशोधकांनी सात कोटी ट्रान्झिस्टर आणि सुमारे ८५० प्रकाशीय घटक एकाच चिपवर आणले.

तेव्हा ‘प्रकाशावर चालणारे संगणक’ ही भाषा सावधपणेच वापरावी. वरील पट्टी ट्रान्झिस्टरच्या मानाने अवाढव्य आहे आणि तरंगलांबीच्या बंधनामुळे ती फारशी लहानही करता येत नाही. प्रकाश तारेची जागा घेऊ पाहतो आहे, ट्रान्झिस्टरची नव्हे. २०२५ मध्ये एनव्हिडियाने प्रकाशीय भाग स्विच चिपलगत (संगणकांच्या जाळ्यात विदा योग्य वाटेने वळवणाऱ्या चिपलगत) एकाच वेष्टनात बसवण्याची रचना जाहीर केली, तिचा हेतूही तांब्याचा मार्ग आखूड करणे हाच आहे. मॉड्युलेटरचे कडे ज्या तरंगलांबीला प्रतिसाद देते, ती तापमानानुसार सरकते, म्हणून तिला जागेवर ठेवण्यासाठी छोटे तापक लावावे लागतात आणि त्यांची वीज हिशेबात धरावी लागते. लेसरला तर उष्णता आणखीच सोसत नाही. त्यामुळे या रचनेतही तो चिपपासून दूर, काढून बदलता येईल असा वेगळा ठेवलेला आहे.