तळ्यात राबतं कोण?

गोड्या तळ्याच्या एक मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू असतात. त्यांचा डीएनए वाचून जातींची यादी करणं आता सोपं झालं आहे. पण ही यादी गावच्या मतदारयादीसारखी असते. नाव आहे तो माणूस शेतात आहे, परगावी आहे की वारला आहे, हे तिच्यातून कळत नाही. मेलेल्या आणि निपचित पडलेल्या जिवाणूंचा डीएनएही यादीत येतोच.

मग राबणारा ओळखायचा कसा? त्याला खुणेचं अन्न देऊन. निसर्गातला जवळपास ९९ टक्के कार्बन हा कार्बन-१२ असतो आणि १.१ टक्के कार्बन-१३. दुसऱ्यात एक न्यूट्रॉन जास्त, म्हणून तो किंचित जड. किरणोत्सर्गी मात्र नाही. अशा जड कार्बनचं अन्न पाण्यात मिसळलं की जो खातो त्याच्या अंगी ते लागतं, अगदी डीएनएपर्यंत. सीझियम क्लोराईडच्या द्रावणात तो डीएनए प्रचंड वेगाने फिरवला, की जड डीएनए हलक्याच्या खाली वेगळा थर धरतो. २००० साली कॉलिन मरेल आणि सहकाऱ्यांनी जंगलातल्या मातीला जड मिथेनॉल देऊन हे करून दाखवलं. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी मरेल यांच्यासोबत लोणार सरोवराच्या गाळावर हीच पद्धत वापरली आणि तिथे मिथेन खाणारे जिवाणू खरोखर कामात असल्याचं २०१० मध्ये मांडलं. लोणारचं पाणी गोडं नाही, खारं आणि अल्कधर्मी आहे. पण आपल्या मातीतलं हे उदाहरण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

या पद्धतीत एक अडचण आहे. डीएनए पुरेसा जड व्हायला पेशी वाढून विभागल्या पाहिजेत, त्याला वेळ लागतो. तेवढ्यात एकाने खाऊन टाकलेलं दुसरा खातो, आणि उष्टं खाणाराही पहिल्या पंगतीतला वाटू लागतो.

म्हणून मला स्वित्झर्लंडच्या कादान्यो तलावावरचं काम जास्त मोलाचं वाटतं. आल्प्समध्ये सुमारे १९२० मीटर उंचीवरचा हा तलाव जेमतेम २१ मीटर खोल आहे. जिप्समच्या खडकांतून येणारे झरे तळाशी क्षारांनी जड झालेलं पाणी आणतात. ते वरच्या गोड्या पाण्यात मिसळत नाही. खाली प्राणवायू नाही, हायड्रोजन सल्फाईड आहे. वरून थोडा उजेड पोचतो. या दोन पाण्यांच्या सीमेवर, साधारण १२ मीटरवर, उजेड आणि सल्फाईडवर जगणाऱ्या जिवाणूंचा जांभळट थर असतो.

निकुलिना मुसात आणि सहकाऱ्यांनी या थरातल्या पाण्याला कार्बन-१३ चं बायकार्बोनेट आणि तसाच जड असलेल्या नायट्रोजन-१५ चं अमोनियम दिलं. मग प्रत्येक पेशी नॅनोसिम्स या यंत्राखाली ठेवली. हे यंत्र आयनांच्या बारीक झोताने पेशीचा पृष्ठभाग खरवडतं आणि उडालेले कण वस्तुमानानुसार वेगळे मोजतं. पेशी कोणत्या जातीची, हे तिच्या रायबोसोममधल्या आरएनएला चिकटणाऱ्या हॅलोजनयुक्त (फ्लोरिनसारखं मूलद्रव्य असलेल्या) खुणेवरून त्याच वेळी कळत होतं. म्हणजे ‘कोण’ आणि ‘किती खाल्लं’ ही दोन्ही उत्तरं एकाच पेशीतून, ती विभागण्याची वाट न पाहता.

२००८ साली निकाल आला. क्रोमॅटियम ओकेनाय या जिवाणूची संख्या एकूण पेशींच्या फक्त ०.३ टक्के होती. पण शोषलेल्या कार्बनपैकी ७० टक्के आणि अमोनियमपैकी ४० टक्क्यांहून अधिक त्याच्या वाट्याचं होतं. त्याची पेशी इतरांच्या मानाने बरीच मोठी असते, हे खरं. तरीही नुसती डोकी मोजणाऱ्याने तो किरकोळ म्हणून वगळलाच असता.

आणखी एक गोष्ट त्या पेशींनी दाखवली. एकाच जातीच्या, एकाच बाटलीतल्या पेशींची भूकही सारखी नव्हती. काहींनी भरपूर खाल्लं होतं, तर काहींनी त्या मानाने अगदी थोडं.