लिनक्सचं नाव आधी फ्रीक्स होतं, त्याची पार्श्वभूमी

लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, पण ते नाव ती सुरू करणाऱ्या लिनस टॉरवल्ड्सनं स्वतः ठेवलंच नव्हतं. म्हणजे सुचलं होतं त्याला, पण स्वतःच्या नावावरून प्रोजेक्टचं नाव ठेवायचं हे त्याला फारच मिरवल्यासारखं वाटलं, म्हणून त्यानं ठरवलं फ्रीक्स, म्हणजे फ्री, फ्रीक (वेडा) आणि युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा एक्स हे सगळं एकात घातलेलं. वय २१, हेलसिंकी विद्यापीठात शिकत होता, आणि २५ ऑगस्ट १९९१ ला मिनिक्स ही युनिक्ससारखी छोटी सिस्टिम वापरणाऱ्यांच्या इंटरनेट ग्रुपला त्यानं कळवलं की मी एक फुकट ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, निव्वळ छंद आहे, ग्नूसारखं (तोही फुकट सिस्टिम बनवायचा प्रकल्प) मोठं प्रोफेशनल काही होणार नाही.

सप्टेंबरात ०.०१ ही पहिली आवृत्ती तयार झाली. ती ठेवायला जागा दिली आरी लेम्केनं, तो फिनलंडमधल्या फुनेट या विद्यापीठांच्या नेटवर्कचा एफटीपी सर्व्हर (जिथून फाइली डाउनलोड करता येतात) सांभाळायचा. त्याला फ्रीक्स हे नाव अजिबात पटलं नाही, म्हणून त्यानं लिनसला न विचारताच डिरेक्टरीला (फोल्डरला) नाव दिलं लिनक्स. लोक तिथूनच डाउनलोड करायचे त्यामुळे तोंडात तेच बसलं, लिनसनंही मग मान्य केलं, पण त्याच्या मेकफाइलीत (कोडपासून प्रोग्रॅम तयार करायच्या सूचनांची फाइल) फ्रीक्स जवळजवळ सहा महिने तसंच होतं! मला विचाराल तर आरीचे उपकारच आहेत, फ्रीक्स म्हणजे नेमकं काय हे प्रत्येकाला समजावत बसावं लागलं असतं.

पण नाव पडणं वेगळं आणि ते आपल्या नावावर असणं वेगळं, छंदाच्या प्रोजेक्टमध्ये नेमकं हेच राहून जातं. १९९२ ला लिनक्स जीपीएल या लायसन्सखाली आलं, ज्यात कोड कोणीही वापरू, बदलू आणि वाटू शकतो, पण ते लायसन्स कोडचं, नावाचं नाही. नावाचा ट्रेडमार्क, म्हणजे नावावरचा कायदेशीर हक्क, कोणी नोंदवलाच नव्हता. १९९४ ला अमेरिकेत एका भलत्याच माणसानं अर्ज टाकला, १९९५ ला ट्रेडमार्क त्याच्या नावावर झालासुद्धा, आणि पुढच्या वर्षी लिनक्स विकणाऱ्या कंपन्यांना रॉयल्टी मागणारी पत्रं जायला लागली. लोकांनी इतकी वर्षं रात्री जागून फुकट काम केलं आणि नाव तिसऱ्याच्या खिशात, हे वाचताना मला अजूनही राग येतो. काही कंपन्या आणि लिनस मिळून त्याविरुद्ध उभे राहिले आणि १९९७ ला तडजोड होऊन मार्क लिनसच्या नावावर आला.

आता प्रॉडक्टच्या नावात लिनक्स घालायचं असेल तर लिनक्स फाउंडेशनकडून सबलायसन्स (नाव वापरायची परवानगी) फुकट मिळतं, आणि मार्क लिनस टॉरवल्ड्सचा आहे हे लिहावं लागतं.