न मांडलेला खेळ

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात १३ सप्टेंबर २००५ रोजी एक नवी मोहीम खुली झाली. मोहिमेच्या शेवटी हक्कार नावाचा रक्ताचा देव. लढता लढता तो खेळाडूला एक शाप चिकटवायचा, ‘करप्टेड ब्लड’, म्हणजे नासलेलं रक्त. शाप लागला की अंगातली ताकद भराभर उतरणार आणि शेजारी उभा असेल त्यालाही तो लागणार. लढाई जरा अवघड व्हावी, एवढाच हेतू. खेळाडू मेला किंवा त्या जागेबाहेर पडला की शाप संपला, असा हिशोब होता.

हिशोबात पाळीव प्राणी धरायचे राहून गेले. या खेळातले शिकारी सोबत एखादं जनावर बाळगतात, नको तेव्हा ते बाजूला ठेवतात आणि हवं तेव्हा परत बोलावतात. शाप लागलेलं जनावर लढाईत बाजूला ठेवलं की शापाचं घड्याळही थांबायचं. मग मालक शहरात येऊन त्याला बोलावणार आणि भर चौकात शाप पुन्हा चालू. शहरातली दुकानदारांसारखी संगणकाने चालवलेली पात्रं त्याने मरत नव्हती, पण येणाऱ्याजाणाऱ्याला तो देत होती. साथीच्या भाषेत सांगायचं तर लक्षणं नसलेले वाहक. नवखे खेळाडू काही सेकंदांत आडवे व्हायचे आणि आयर्नफोर्ज, ऑर्ग्रिमारसारख्या गजबजलेल्या शहरांत रस्तोरस्ती सांगाडे पडले.

खरी गंमत माणसांच्या वागण्यात होती. कुणी शहर सोडून रानात पळाले. बरं करण्याची विद्या असलेले खेळाडू कुणी न सांगता मदतीला धावले आणि रोग्याला जगवता जगवता रोगालाही जगवत राहिले. काहींनी मुद्दाम शाप अंगावर घेऊन गर्दी गाठली. आणि काही नुसतेच ‘काय चाललंय’ ते बघायला आले, बघितलं, मेले. कंपनीने विलगीकरण करून पाहिलं. ते कुणी पाळलं नाही. शेवटी सर्व्हर नव्याने सुरू करावे लागले आणि प्राण्यांना शाप लागणारच नाही अशी दुरुस्ती करावी लागली.

साथरोगांचे अभ्यासक एरिक लॉफग्रेन हे तेव्हा स्वतः हा खेळ खेळत होते. नीना फेफरमन यांच्यासोबत त्यांनी २००७ मध्ये ‘द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या नियतकालिकात यावर लेख लिहिला. साथीच्या गणिती प्रारूपांत माणसाचं वागणं आधी गृहीत धरावं लागतं, आणि खरी साथ काही कुणाला प्रयोगासाठी सोडता येत नाही. इथे हजारो माणसं आपापल्या मर्जीने वागली होती. उगाच डोकावायला येणाऱ्या बघ्यांचा विचार तर प्रारूप मांडणाऱ्यांच्या डोक्यात सहसा येतच नाही.

यावर आक्षेप उघड आहे. खेळात मेलेला माणूस पुन्हा उठतो, त्यामुळे धाडस स्वस्त पडतं. आक्षेप खराच, आणि म्हणून आकडे जसेच्या तसे उचलता येत नाहीत. पण पळणारे, धावून येणारे, मुद्दाम पसरवणारे आणि बघे ही वर्गवारी कुणी खेळात घातलेली नव्हती. ती माणसांनी सोबत आणली. मला वाटतं, या खेळांच्या अभ्यासात सगळ्यात कसदार माल इथेच सापडतो: मांडणाऱ्याने जे मांडलंच नव्हतं, त्यात.

याच खेळातलं दुसरं उदाहरण. तो सगळ्यांनी मिळून खेळायचा म्हणून बांधलेला. निकोलस डुशनो आणि सहकाऱ्यांनी खेळातल्याच एका आज्ञेचा उपयोग केला: कोण कोण हजर आहे, हे विचारणारी. ती आज्ञा त्यांनी दर काही मिनिटांनी, महिनोन्‌महिने आपोआप चालवली आणि खेळाडूंची खानेसुमारी केली. २००६ मध्ये निष्कर्ष आला तो असा की बराच काळ, विशेषतः सुरुवातीच्या पातळ्यांवर, लोक एकेकटेच खेळतात. मग गर्दीत यायचं कशाला? तर बाकीचे लागतात ते प्रेक्षक म्हणून, करमणूक म्हणून, आणि अवतीभवती कुणीतरी आहे या जाणिवेसाठी. वाचनालयात एकेकटे बसून वाचणारे लोक घरी का वाचत नाहीत, तसंच काहीसं.

हे काम झालं कॅलिफोर्नियातल्या पार्क या प्रयोगशाळेत. तिथेच, ती झेरॉक्सची असताना, मार्क वायझर यांनी ‘सर्वव्यापी संगणन’ ही कल्पना मांडली होती. संगणक रोजच्या वस्तूंत इतका मुरावा की तो आहे हेच जाणवू नये, असं त्यांनी १९९१ च्या लेखात लिहिलं. पण मुरलेल्या यंत्राची शिवण कुठे ना कुठे उसवतेच, आणि खेळाडूंची नजर नेमकी तिथे जाते.

ब्लास्ट थिअरी हा ब्रिटिश कलाकारांचा गट आणि नॉटिंगहॅम विद्यापीठाची मिक्स्ड रिअ‍ॅलिटी लॅब यांनी २००१ मध्ये शेफील्डमध्ये एक पकडापकडी मांडली. पळणारे घरबसल्या, इंटरनेटवरच्या नकाशात. ज्यांच्यावर राज्य ते कलाकार मात्र खऱ्या रस्त्यांवर, हातात छोटा संगणक आणि जीपीएस घेऊन धावणारे. उंच इमारतींजवळ उपग्रहांचे संदेश नीट पोचत नाहीत, त्यामुळे जीपीएस चुकतं. अभियंत्याच्या दृष्टीने हा दोष. धावणाऱ्यांना मात्र हळूहळू कळलं की कुठल्या भिंतीच्या आडोशाला गेलं की आपण नकाशावरून गायब होतो. मग तिथे दबा धरायचा, सावज जवळ आलं की बाहेर पडायचं. याच लॅबचे स्टीव्ह बेनफर्ड आणि सहकाऱ्यांनी या डावपेचांची बारकाईने नोंद केली. दोष लपवण्याऐवजी खेळाडूच्या हाती देता येतो का, हा प्रश्न त्यानंतर गंभीरपणे विचारला जाऊ लागला.

त्या खेळातली एक गोष्ट मात्र नीट ठरवून घातलेली होती. सुरुवातीला प्रत्येकाला विचारायचे: जिची भेट होऊन खूप काळ लोटला, पण आठवण अजून येते, अशी कुणी व्यक्ती आहे का? लोक नाव टाइप करत आणि खेळाच्या भरात विसरून जात. मग कधीतरी धावणारा पाच मीटरच्या आत येई, धापा टाकत वॉकीटॉकीवर ‘दिसली’ म्हणून तेच नाव उच्चारी, आणि जिथे पकडलं त्या जागेचा फोटो काढी. फोटोत रिकामा फुटपाथ असे.